राजाच्या निरोपाची उरलेली वाक्ये

पासिर रिस, ११ मे २०२५

चि. ऋचा हिस,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे. तुला ते नको असल्यास वगळून पुढे वाचावे.

तुझी आई गेल्यापासून आपण एकमेकांशी बोललेलो नाही. तू पुंगोलला राहतेस आणि मी पासिर रिसला. मध्ये एका बसचे अंतर आहे. तरीही हे पत्र टपालाने पाठवतो आहे. मोबाइलवरचे माझे संदेश तू वाचतेस आणि उत्तर देत नाहीस, हे त्या निळ्या खुणांवरून मला कळते. पत्र वाचले गेले की नाही हे कळणार नाही. त्यात माझी थोडी सोय आहे.

काम असे आहे. आपले येथील मराठी मंडळ यंदाच्या गणेशोत्सवात विक्रांतची गेल्या वर्षीचीच एकांकिका पुन्हा करणार आहे, तुझ्या आईच्या, सुचित्राच्या स्मरणार्थ. पराभूत राजाला पहाटे शिरच्छेदाची शिक्षा आहे आणि जेता त्याला पत्नीची व मुलीची भेट घेऊ देतो, एवढेच तिचे कथानक. ते तुला सांगण्याची गरज नाही. तुझ्या आईने राजा केला होता, अनुयाने राणी आणि तू राजकन्या. मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. विक्रांतची इच्छा अशी की, राजाचे निरोपाचे भाषण यंदा त्याने लिहिले तसे न होता, सुचित्राने त्या संध्याकाळी म्हटले तसे व्हावे. चित्रफितीवरून मी ते उतरवून घेतले आहे. परंतु ते अपुरे आहे. प्रयोगाआधी आठवडाभर तुम्ही दोघी आतल्या खोलीत दार लावून तालीम करत होता. तुमच्या हसण्याचा आवाज मला बाहेर येत असे. पुढची वाक्ये तुझ्यापाशी असणार. ती मला लिहून पाठवावीस.

भाषण का तुटले याविषयी तुझे मत मला ठाऊक आहे. मंडाईला, विद्युतदाहिनीच्या बाहेर, सर्वांच्या देखत तू म्हणालीस, "तिला मरतानासुद्धा तुम्ही करेक्ट केलंत." त्यावर आता एवढेच नोंदवतो की, नट संहिता सोडून गेला तर त्याला परत आणणे हे प्रॉम्प्टरचे काम असते. ते मी केले.

घरी सर्व ठीक आहे.

प्रबोध दामोदर नातू


पासिर रिस, ८ जून २०२५

चि. ऋचा,

तुझा संदेश पोचला. "बाबा, लेटर्स पाठवू नका लाह. मला काही लिहायचं नाहीये." तो, शेवटच्या त्या इथल्या बोलीतल्या 'लाह'सकट, जसाच्या तसा उतरवला आहे. त्यात नकार आहे, परंतु 'माझ्यापाशी काही नाही' असे विधान नाही. म्हणून पुन्हा लिहितो.

विक्रांतला मूळ राजा मिळाला नव्हता, हे तुला आठवत असेल. ज्या गृहस्थांनी भूमिका स्वीकारली होती त्यांची कंपनीने ऐन ऑगस्टमध्ये फ्रँकफर्टला बदली केली. आपल्या मंडळात पुरुष पात्रांची वानवा नेहमीचीच. बिशानच्या कम्युनिटी क्लबातल्या तालमीत सगळे हताश बसले असता तुझी आई म्हणाली, "मी करते राजा." मी विरोध केला. तिची चौथी केमोथेरपी नुकतीच झाली होती. ती म्हणाली, "केस नाहीत, मुकुट नीट बसेल." त्यावर अनुया हसली आणि मग हसू आल्याबद्दल रडली. विषय तिथे संपला.

त्या तालमी मी आता वारंवार आठवतो. एकदा अनुया म्हणाली, "महाराज, मिशी उजवीकडे उतरली." तुझी आई म्हणाली, "उतरू दे गं. उद्या डोकंच उतरायचंय." विक्रांत मात्र तिच्यावर नाराज असे. "सुचित्राताई, जरा वीररस आणा. राजा आहे तो." ती म्हणाली, "अरे विक्रांत, उद्या मरायचंय त्या माणसाला ओरडायला कुठला वेळ? त्याला घरातली कामं आठवतात." विक्रांतने ते मनावर घेतले नाही. मीही घेतले नाही.

चित्रफितीत जे ऐकू येते ते खाली देतो. मायक्रोफोन माझ्या विंगेच्या बाजूला होता, त्यामुळे माझा आवाज तिच्याहून मोठा येतो.

"राणी, वेळ थोडा आहे, म्हणून राज्याचं बोलत नाही. ज्यानं घेतलंय तो सांभाळेल. तुझं सांगतो. मी नसल्यावर तू जेवण टाळशील आणि कोणी विचारलं की भूक नव्हती म्हणशील. तसं करू नकोस. घरी कोणी आलं तर त्याला दारातूनच 'बरं आहे' म्हणून वाटेला लावू नकोस. आत बोलव. आणि आणखी एक. माझ्या शिक्षेची बातमी तू माझ्यापासून लपवलीस—"

येथे माझा आवाज आहे: "सूर्य मावळतो तो पुन्हा उगवण्यासाठीच." विक्रांतच्या संहितेतली ती ओळ. तिने ती घेतली नाही.

"—ती मला तुझ्याआधी कळली होती. तू लपवतेस हे दिसत होतं, म्हणून मी न कळल्यासारखं केलं. तुला त्यात आधार वाटत होता. त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. मी ठेवलेलं नाही."

यानंतर ती विंगेकडे, म्हणजे माझ्याकडे वळते. चित्रफितीत तिची पाठ दिसते. ती काही क्षण काहीच बोलत नाही. पुन्हा माझा आवाज येतो, तीच ओळ, अधिक मोठ्याने. प्रेक्षकांत कोणीतरी हसते. मग ती प्रेक्षकांकडे तोंड करून "सूर्य मावळतो" म्हणते आणि टाळ्या पडतात.

ती माझ्याकडे वळून काय म्हणणार होती, एवढेच मला हवे आहे. मंडळाच्या प्रतीसाठी.

बाबा


पासिर रिस, ६ जुलै २०२५

चि. ऋचा,

महिना लोटला. तुझे उत्तर नाही. पत्र परतही आलेले नाही.

काल अनुया डबा घेऊन आली होती. मी दारातूनच आभार मानले आणि दार लावू लागलो. मग तिला आत बोलावले. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "प्रबोधदादा, तुम्ही खूप बारीक झालात." मी म्हणालो, भूक नसते. ती माझ्याकडे पाहतच राहिली. राणी तीच होती. ते भाषण तिनेही समोर उभे राहून ऐकलेले आहे. मी मुकाट्याने ताट घेतले. तिने काही विचारले नाही, तरीही मी तिला एक गोष्ट सांगितली. अनुयाला कळली आणि तुला नाही, हे योग्य होणार नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या पत्रात मी प्रॉम्प्टरच्या कामाचा उल्लेख केला. ते खरे आहे. परंतु त्या संध्याकाळी मी त्या कामासाठी बोललो नाही.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रुग्णालयात मला एकट्याला आत बोलावले होते. आजार मेंदूपर्यंत पोचला आहे, असे डॉक्टर बाईंनी सांगितले. त्या तरुण होत्या आणि फार सौम्य बोलत. यापुढे बोलण्यात घोटाळा होऊ शकेल, विस्मरण होईल, भलतेच काही बोलले जाईल. ते कधी सुरू होईल सांगता येत नाही. त्यांनी दोनदा म्हटले, "तुमच्या पत्नीला आणि मुलीला सांगायला हवे. त्यांना एकमेकींशी बोलायचे असेल." मी म्हणालो, विचार करतो. पुण्याला तुझ्या निशिकांतमामाला फोन केला. तो स्वतः डॉक्टर. तो म्हणाला, "अजिबात सांगायचं नाही. नावानंच माणूस खचतो. आईच्या वेळी आम्ही शेवटपर्यंत अल्सर सांगितला होता." मला ते पटले. खरे म्हणजे, मला ते ऐकायचेच होते. डॉक्टर बाईंना मी कळवले की, आमच्यात रुग्णाला असे सांगत नाहीत.

तुलाही सांगितले नाही. तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही, असे कारण मी स्वतःला दिले होते.

म्हणून तुझी आई रंगमंचावर भलतेच बोलू लागली तेव्हा मला वाटले, सुरू झाले. त्या नाटकात राणीने राजापासून काहीही लपवलेले नाही. शिक्षा साऱ्या नगराला ठाऊक आहे. जे नाटकात नाही ते ती बोलते, याचा मला एकच अर्थ दिसला. तिला तिथे, दोनशे माणसांपुढे, मुकुट घालून, काही होऊ नये, एवढेच माझ्या मनात होते. तिला ओळ सापडली की ती परत येईल असे वाटले. आणि ती आली. तिने "सूर्य मावळतो" म्हटले तेव्हा मी विंगेतल्या स्टुलावर बसलो आणि देवाचे आभार मानले.

चित्रफीत मी तिच्या पश्चात पाहिली. तेव्हा ते भाषण मला प्रथम ऐकू आले.

तिने मला जेवायला सांगितले होते, ऋचा. तिला सर्व कळले होते हेही सांगितले. माझ्याविषयी मनात काही ठेवलेले नाही, हेही. माझ्याकडे वळून ती आणखी काही म्हणणार होती. मंडळाची प्रत हे निमित्त होते. ते मला हवे आहे. तुझा राग शिल्लक असू दे. परंतु ते दे.

बाबा


पासिर रिस, ३ ऑगस्ट २०२५

चि. ऋचा,

काल तू न कळवता आलीस. आपले जे बोलणे झाले ते लिहून पाठवतो आहे. मी ते बरोबर ऐकले किंवा नाही, हे तुला तपासता यावे. माझ्या ऐकण्यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही.

तू बूट काढले नाहीस. हॉलभर बांधलेल्या दोऱ्या आणि त्यांवरचे माझे शर्ट पाहून म्हणालीस, "हे काय?"

मी म्हणालो, कपडे वाळत घातलेले बांबू खिडकीबाहेर लावताना माझा तोल जातो. ते काम ती करत असे.

"मग सांगायचं ना. मी येऊन लावले असते." एवढे बोलून तू गप्प झालीस, आपण भांडलेलो आहोत हे तुला आठवले असावे. मग पर्समधून माझी तिन्ही पत्रे काढून टेबलावर ठेवलीस. पाकिटे फोडलेली होती. मला बरे वाटले, हे नमूद करतो.

"ब्रेनचं मला का नाही सांगितलंत?"

उत्तर मी पत्रात दिलेच होते.

"नाटकानंतर मी बँकॉकला ट्रेनिंगला गेले होते, बाबा. तीन आठवडे. तुम्ही म्हणालात, जा, काही अर्जंट नाहीये. मी परत आले तेव्हा ती बोलतच नव्हती."

मी म्हणालो, "हो."

"आणि आता तुम्ही मला लाइन्स मागताय."

मी म्हणालो, तालमीत तिने तुला त्या सांगितल्या असतील. दाराआड तुम्ही दोघी आठवडाभर...

"दाराआड आम्ही विक्रांतकाकांचं स्क्रिप्टच करत होतो. मला 'शिरच्छेद' म्हणता येत नव्हतं. ती मला शंभरदा म्हणायला लावायची आणि मग दोघी हसायचो. दॅट्स ऑल. ती असं काही बोलणार आहे, हे मला स्टेजवर कळलं. तुमच्यासारखंच."

मग मी विचारले, ती माझ्याकडे वळली तेव्हा—

"ती तुमच्याकडे वळलीच नव्हती."

तू उठलीस आणि खुर्च्या सरकवून मला जागा दाखवल्यास. येथे राणी, येथे राजा, येथे विंग. विंगेच्या जागी तू मला उभे केलेस. मग स्वतः मध्ये येऊन, माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी राहिलीस.

"मी इथे होते. तुमच्या आणि तिच्यामध्ये. राणीशी बोलून झालं, मग ती मुलीकडे वळली. तिने माझा हात धरला. घट्ट. विक्रांतकाकांनी सांगितलं होतं, राजकन्या वर बघत नाही, म्हणून मी खालीच बघत होते. मला वाटलं, आता माझं. मग तुमचा आवाज आला."

त्यानंतर तू जे म्हणालीस ते असे: "तुमचं सगळं तुम्हाला मिळालं, बाबा. जेवा म्हणाली, लोकांना आत बोलवा म्हणाली, माफ पण केलं. माझं स्टार्टच झालं नाही. आणि तुम्ही तीन महिने लेटर्स लिहून माझ्याकडे मागताय. मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्याशी रात्री बोलली असेल ती. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मुद्दाम सांगत नाहीये."

मी म्हणालो, तिने त्या रात्री मिशीच्या गोंदाने ओठावर पुरळ आले एवढेच सांगितले.

तू बराच वेळ रडलीस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तू विंगेच्या जागी ठेवलेस तेथेच मी उभा होतो.

मग म्हणालीस, "काहीतरी बनवून सांगा ना. तुम्ही तिला तीस वर्षं ओळखता. ती काय म्हणाली असती? खोटं असलं तरी चालेल."

आणि दारात गेल्यावर: "तिचा चेहरा कसा होता? मी पाहिला नाही. व्हिडिओत पाठ आहे. पब्लिकला पाठ होती. एकट्या तुम्हाला दिसला असेल."

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

तू म्हणालीस, "नेहमीसारखं," आणि दार न लावता गेलीस.

यात काही चुकले असल्यास कळवावे.

बाबा


पासिर रिस, १७ ऑगस्ट २०२५

ऋचा,

तू दोन गोष्टी मागितल्यास. पहिली मला देता आली नाही. ती का देता आली नाही ते सांगतो आणि मग दुसरी.

मी प्रामाणिकपणे बसलो. सुचित्राने तुला काय सांगितले असते ते लिहून पाहिले. 'बाळ, तू धीराची आहेस.' 'बाळ, बाबांना सांभाळ.' 'आपल्या मनासारखे कर.' प्रत्येक वाक्य शुद्ध होते आणि एकही तिचे नव्हते. विक्रांतच्या राजालाही शोभले असते. तिने मला जे सांगितले त्यातले एकही वाक्य मी कल्पनेने लिहू शकलो नसतो. जेवणाचे नाही, दारातल्या पाहुण्यांचे तर नाहीच. मग तुझे मी कोठून आणणार? तीस वर्षे मी तिच्याबरोबर राहिलो, हे खरे. परंतु बोलणारा कोठे चुकतो तेवढे पाहणाऱ्याला, तो पुढे काय म्हणेल, हे कळत नाही. खोटे चालेल असे तू म्हणालीस. पुढे ते तुला चालणार नाही. एखाद्या दिवशी तुला कळेल की ती भाषा माझी आहे, आणि मग तुझ्यापाशी असलेले तेवढेही जाईल. म्हणून तुझ्या वाट्याचे शब्द नाहीत, हे मला लिहावे लागते. ते कोठेही नाहीत. ते तिच्याबरोबर मंडाईला गेले.

विक्रांतला मी कळवले आहे की मंडळाने दुसरी एकांकिका बसवावी. तो म्हणाला, "प्रबोधदादा, पोस्टर छापून झालंय." मी म्हणालो, छापलेले असू दे. त्याने कारण विचारले. मी म्हणालो, भाषण माझ्या मुलीचे आहे आणि ते अपुरे आहे.

आता दुसरी गोष्ट, तिचा चेहरा. तुला मी 'विचार करून सांगतो' म्हणालो, ते मला काही आठवत नव्हते म्हणून नव्हे. मला ते आठवत होते. सांगितल्याने तुला बरे वाटेल की वाईट, हे मला ठरवता येईना. मग लक्षात आले की, हेच मी डॉक्टर बाईंना म्हणालो होतो. कोणाला काय कळावे हे ठरवण्याचा अधिकार मी यापुढे घेणार नाही. जे पाहिले ते पाहिले तसे लिहितो.

माझ्या विंगेतून तुझी पाठ दिसत होती आणि तुझ्या खांद्यावरून तिचे तोंड. प्रकाश तिच्या डाव्या बाजूने येत होता. मिशी सुटली होती आणि तिचे तिला भान नव्हते. मला तेव्हा भीती वाटली होती की तिचे डोळे रिकामे असतील. आजाराची तशी खूण मी वाचली होती. ते रिकामे नव्हते. मी पाहिले आणि तरीही मानले नाही.

ती तुझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे नव्हे; तू म्हणालीस ते बरोबर आहे. तिचे ओठ मिटलेले होते. शब्द शोधणाऱ्याचे ओठ हलतात, हे मला विंगेत उभे राहून चांगले ठाऊक आहे. विसरलेला नट डोळे वर नेतो, गिळतो, प्रॉम्प्टरकडे कान देतो. तिने यातले काहीही केले नाही. तिला काय बोलायचे ते तिच्यापाशी होते. ती थांबली होती. तुझा हात धरून, तुझ्या वाकलेल्या मानेकडे पाहत, अगदी सावकाश थांबली होती. तू वर पाहिल्याशिवाय तिला ते बोलायचे नव्हते.

प्रेक्षागृहात शांतता होती. ती शांतता मला सहन झाली नाही.

एक गोष्ट चित्रफितीत दिसत नाही आणि तुलाही कदाचित माहीत नसेल. तू विक्रांतचे ऐकून खालीच पाहत राहिलीस असे तुला वाटते. तसे नाही. तुझ्या मानेवर गजरा होता. तो मला हलताना दिसला. तिला तो माझ्याआधी दिसला असावा, कारण तिने ओठ उघडले.

तू मान वर करत होतीस. तेवढ्यात मी बोललो.